उस्तादाचा वाटा

“आवं, लवकर या! तुमची शिकरी बघा कशी करायलीय!”

मी दवाखान्यातून नुकताच घरी आलो होतो. अडीच वाजले असतील. एक वहाण पायात, एक उंबऱ्यावर, तसाच परसात धावलो. माझी बायको शेवंता भिंतीला टेकून उभी होती. पाचवा महिना लागलेला, तिला चटकन वाकता येत नव्हतं. काय झालंय ते ती नुसतं बोटानं दाखवत होती.

शिकरी, ससाण्याच्या जातीचं माझं शिकारी पाखरू, दांडीवरून खाली पडली होती. पंख पसरून मातीत पालथी. पायातलं घुंगरू एकसारखं वाजत होतं, कारण तिचं सगळं अंगच थरथरत होतं. मी तिला उचललं तर चोचीतून चिकट लाळ माझ्या मनगटावर ओघळली. सकाळी ज्या नख्यांनी माझं बोट सोलून काढलं होतं त्या नख्यांत आता माझी करंगळी धरायचीही ताकद नव्हती. डोळे उघडे होते, पण पिवळ्या डोळ्यातली काळी बाहुली मोहरीएवढी झाली होती.

“ऊन लागलं असंल,” शेवंता म्हणाली. “पाणी मारू का?”

“थांब जरा.”

मी तिच्या चोचीशी नाक नेलं. लसणासारखा उग्र वास आला. तसाच, अगदी तसाच वास मला माहीत होता. मी सिद्धवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. गेल्या पावसाळ्यात एक म्हैस आली होती, फवारणीचं औषध पडलेला चारा खाल्लेली. तोंडाला फेस, अंगाला कापरं, आणि हाच वास. डॉक्टर म्हणाले होते, “रंगराव, डोळ्यातली बाहुली बघून ठेव. टाचणीच्या टोकाएवढी झाली की समजायचं, विष.” ती म्हैस तासाभरात गेली.

मी घाबरलो तो शिकरीसाठी नव्हे. दुपारी बाराला तिला मी एक अख्खा लावा पक्षी चारला होता. सकाळी तिनंच धरलेला. आणि त्याच शेतात धरलेले बाकीचे सात लावे साडेनऊच्या एस.टी.नं हिरेपट्टणला गेले होते. माझ्या उस्तादाच्या घरी.

“आज रोजा कितवा?” मी विचारलं.

“मला काय ठावं? का हो?”

कितवाही असो. रमजान चालू होता. म्हणजे दिवस मावळेपर्यंत उस्ताद दस्तगीर आणि त्यांची बायको खैरूनचाची तोंडात काही घालणार नव्हते. आणि मावळल्या मावळल्या पहिल्यांदा जे खाणार होते ते मी पाठवलेलं. डिसेंबरचे दिवस, सहाच्या आत सूर्य बुडायचा. हिरेपट्टण सडकेनं अठरा मैल, माळावरून चौदा. पुढची एस.टी. साडेपाचला.

हे लावे कुठून आले आणि मी कसा या नादाला लागलो ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल कंपाउंडरला कुठली शिकार!

त्याच्या आदल्या साली हिरेपट्टणच्या जनावरांच्या बाजारात लस टोचायला मला पाठवलं होतं. बैल, गाडीवाले, भजीची कढई, त्या सगळ्या गोंगाटातून एक म्हातारा संथपणे चालत होता आणि त्याच्या मुठीवर एक शिकरी बसली होती. कबुतराएवढी, पण तिच्याकडे बघून बाजारातली कुत्रीसुद्धा बाजूला होत होती. मी हातातली सुई विसरलो. म्हातारा म्हणजे दस्तगीर मीरशिकारी. संस्थान होतं तेव्हा सरकारच्या शिकारखान्यात बहिरी ससाणे सांभाळायचे. संस्थान गेलं, शिकारखाना मोडला, ससाणे सोडून दिले. यांच्या हातातली सवय तेवढी सुटली नाही. मग दरसाल एक शिकरी धरायची, शिकवायची, हंगाम संपला की सोडून द्यायची.

“मला शिकवाल?” मी तिथंच विचारलं.

“क्या करतो?”

“कंपाउंडर आहे.”

“मग इंजेक्शन दे की बैलांना,” म्हणाले आणि पुढं गेले. मी पण चिवट. सहा रविवार जात राहिलो. सातव्या रविवारी त्यांनी माझ्या हातावर चामड्याचा दस्ताना चढवला, त्यावर नुकती धरलेली शिकरी बसवली, आणि म्हणाले, “ही तुझ्या हातावर झोपली की मला सांग.”

अकरा दिवस लागले. हात खांद्यापासून उखडेल असं वाटायचं. मग दोरी बांधून हाक मारणं, मुठीवरच मांस देणं, छातीचं हाड चाचपून भूक ओळखणं. फार भुकेली ठेवली तर मरते, पोट भरलं तर तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. शेवटी तिला तळहातात धरून भाल्यासारखं कसं फेकायचं ते. उस्ताद शिव्या द्यायचे, पण एकदाही हात उगारला नाही. चाची मला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. माझे आईबाप लहानपणीच गेलेले. खरं सांगतो, त्या दोन खोल्यांत मला जे मिळालं ते मला कुठंच मिळालं नव्हतं.

शिकरी तयार झाली आणि मग खरी पंचाईत. शिकार करायची कुठं?

गायरानात मेंढरांनी काडी ठेवलेली नाही, तिथं पाखरू लपणार कशात? कॅनॉलकडेला ऊसच ऊस, त्यात शिकरी फेकली की गेलीच. ओढ्याच्या अंगाला पारध्यांचे फासे असायचे, आणि त्यांच्या वाटेत जायचं नाही हे उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. उरली बागायतदारांची शेतं. तिथं गेलो की कुत्री अंगावर. एकदा एकानं मला चोर समजून झाडाला बांधायचंच बाकी ठेवलं होतं! हातावर पाखरू घेऊन कुठला चोर येतो हो? चार महिने मी पहाटे उठून मैल मैल हिंडलो आणि एक चिमणी मारली नाही. रविवारी उस्ताद विचारायचे, “काय कंपाउंडर, शिकरीला भाकरी चारतोस काय?” चाची पदराआड हसायची.

मग रमजान लागायच्या आधी ते हसायचे थांबले. म्हणाले, “पाखरू शिकवणं म्हणजे अर्धं काम. जागा शोधणं हे दुसरं अर्धं. ईदच्या आत शिकार नाही झाली तर सोडून दे तिला. कोंडून नको ठेवूस. आणि मग माझ्याकडे पण नको येऊस, दुसरा नाद बघ.”

ते शब्द मला इतके लागले की चार रात्री नीट झोप नाही. दुसरा नाद बघ म्हणे!

पाचव्या दिवशी मला जागा सापडली. कॅनॉलच्या शेपटाला, वस्तीपासून लांब, हरभऱ्याची एक लांबट पट्टी. राखणदार नाही, कुत्रं नाही. दंव पडलेलं. मी बांधावरून दोन पावलं टाकली तर पायाशी लावा. साधारणपणे लावा पायाशी येईपर्यंत दबून बसतो आणि मग फर्रकन असा उठतो की काळीज हलतं. हा उठला खरा, पण गुडघाभर उंच, आणि दहा हातांवर बसला. मी शिकरी फेकली. तिनं धरला! चार महिन्यांत पहिल्यांदा. मी हरभऱ्यात गुडघे टेकून वेड्यासारखा हसत होतो.

मग दुसरा. मग तिसरा. दोन तर शिकरीशिवाय, मीच हातानं उचलले. तासाभरात आठ झाले. जिवंत होते, पाय बांधून पिशवीत टाकले आणि सरळ गावातल्या मुलाण्याकडे गेलो, कारण हलाल केल्याशिवाय उस्तादांच्या घरात ते चालले नसते. मुलाण्यानं सुरी चालवता चालवता म्हटलं, “पाखरं पेंगाळल्यागत हायत की, कंपाउंडर.”

“थंडीनं,” मी म्हणालो.

घरी आलो तर शेवंता पिशवीत डोकावली. “आगं बाई, केवढी! एक तरी ठेवा की मला. कालपासनं तिखट काहीतरी खावंसं वाटतंय.”

“नाही. पहिली शिकार उस्तादाची असते. तशी रीत आहे.”

“समदीच?”

“सगळीच. एक शिकरीला, बाकी तिकडं.”

रीत खरी होती. शागिर्दाची पहिली शिकार उस्तादाच्या घरी जाते, आणि तीही पिसांसकट, कारण नख्या कुठं बसल्या, मानेवर की पाठीवर, हे उस्ताद स्वतः बघतात. मी सात लावे करंजाच्या पाल्यात गुंडाळले, वर चिठ्ठी खोचली, ‘आपल्या आशीर्वादाने’, आणि एस.टी.च्या कंडक्टरकडे दिले. तो ओळखीचा होता.

तर हे असं. आणि आता अडीच वाजता शिकरी माझ्या हातात मरत होती.

“शेवंता, तू त्या पिशवीला हात लावलास?”

“न्हाई.”

“तोंडात काही घातलंस? नीट आठव.”

“आवं, तुम्ही काय ठेवलंत म्हणून घालू?” मग माझा चेहरा बघून ती पण घाबरली. “काय झालंय? सांगा की!”

सांगितलं. तिनं दाराकडं हात केला. “मग हिथं काय करताय?” एवढंच म्हणाली.

दवाखान्याची किल्ली माझ्याकडेच असायची, डॉक्टर दौऱ्यावर होते. धावत जाऊन कपाट उघडलं. या विषावर एकच औषध, ॲट्रोपीन. दोनच काचेच्या नळ्या शिल्लक होत्या. शिकरी मी पंच्यात गुंडाळून सोबत आणली होती. एका नळीतले चार थेंब तिला पुरले असते. पण नळी एकदा फोडली की ती राहणार नाही, आणि तिकडं खाणारी माणसं दोन. मी एवढं गणित केलं. सिरिंज, सुई आणि दोन्ही नळ्या रुमालात बांधून खिशात घातल्या. शिकरीला टेबलावर, कापसावर ठेवलं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं की नुसतीच मान पडली, कुणास ठाऊक. मी कुलूप लावलं.

पावणेतीनला सायकल माळाच्या वाटेला लावली. सडकेनं गेलो असतो तर एखादा ट्रक तरी भेटला असता, पण भेटेलच असं कुठं होतं? माळावरून चार मैल वाचत होते. डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. पाय मारत होतो आणि चाचीच दिसत होती. आता चुलीपुढं बसली असेल. आता पिसं काढत असेल. आता कांदा चिरत असेल. रोजा असताना ती चाखून बघत नाही, मीठ अंदाजानं टाकते. ती चाखत नाही, हे मी मोठ्यानं म्हणत होतो, शंभरदा म्हटलं असेल. माळावर दोन मेंढके उभे होते, ते माझ्याकडे बघतच राहिले.

पाच मैलांवर मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. हवा मारायचा पंप होता, पण पंक्चर काढायचं सामान घरी. पंप मारायचा, अर्धा मैल जायचं, परत उतरायचं. असं चार वेळा केलं. मग नुसत्या रिमवर चालवत सुटलो. दगडांवरून सायकल अशी आदळत होती की सारखा खिसा चाचपत होतो. एक नळी फुटली तर? फुटली आणि दोघांनीही खाल्लं असेल तर? कुणाला टोचायचं? हा प्रश्न मनात आला आणि मला तिथंच सायकलवर रडू फुटलं. पुरुषमाणसानं असं रडावं काय! पण मी रडत होतो आणि पाय मारत होतो.

मधे एक खिंड लागते. तिथं चढावर उतरावं लागलं. सूर्य डाव्या अंगाला बराच खाली आला होता. आणि तिथं, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की परत फिरावं. काही झालंच नसलं तर? नुसती शिकरीच आजारी पडली असली तर? मी जाऊन ओरडणार, हे विष आहे, फेकून द्या. मग उस्ताद विचारणार, कुठली जागा? कुणाचं शेत? पाखरं कशी होती? आणि मला सगळं सांगावं लागणार. ते म्हणणार, दुसरा नाद बघ. मी खिंडीत उभा राहून धापा टाकत होतो आणि ही असली भीती त्या दुसऱ्या भीतीच्या शेजारी येऊन बसली होती. किती वेळ उभा होतो? पाच मिनिटं असतील. त्या पाच मिनिटांची लाज मला अजून वाटते.

हिरेपट्टणच्या वेशीत शिरलो आणि बांग सुरू झाली.

मी सायकल टाकली आणि पळत सुटलो. गल्लीत घराघरातून भांड्यांचे आवाज येत होते, कुणी खजूर वाटत होतं, कुणीतरी हाक मारली, “कंपाउंडर, या, रोजा सोडायला या!” बांग संपली. अजून चार घरं होती. म्हणजे त्यांनी पाणी घेतलं असेल. खजूर खाल्ला असेल. आता भाकरी मोडत असतील. आता घास.

“खाऊ नका!” मी दारातूनच ओरडलो. “चाची, खाऊ नका! थुंका!”

ओसरीवर उस्ताद बसले होते. पुढं पाण्याचा पेला, ताटलीत खजूर. चुलीवर भांडं चढलेलं, झाकणातून वाफ येत होती. मी सरळ चुलीकडं गेलो आणि ते भांडं हातानं ओढून अंगणात उपडं केलं. तळवे भाजले ते मला नंतर कळलं. मसूर होता. नुसता मसूर.

चाची किंचाळली. उस्ताद उठले, माझ्याजवळ आले आणि माझे दोन्ही खांदे धरले. सत्तरीच्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

“शेवंता?” ते म्हणाले. “शेवंता कशी आहे?”

मला काही कळेना. “लावे... लाव्यांत विष आहे...”

“ते मला माहीत आहे! शेवंता कशी आहे, बोल!”

“बरी आहे.”

“तिनं किती खाल्लं?”

“नाही खाल्लं. तिनं नाही खाल्लं, उस्ताद.”

“खरं बोल.”

“शपथ. घरात कुणीच नाही खाल्लं.”

त्यांनी माझे खांदे सोडले. “या अल्ला,” म्हणाले आणि ओसरीच्या कडेला बसले. घाईनं पेला तोंडाला लावला, अर्धं पाणी दाढीवर सांडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बांग होऊन गेली तरी त्यांनी रोजा सोडला नव्हता.

चाची रडत होती, रडत रडत मलाच रागावत होती. “दोनपासून असे बसलेत बघ. मी म्हटलं पाणी तरी घ्या, बांग झाली. म्हणे, हुसेन परत येईस्तोवर घशाखाली काही उतरायचं नाही.”

हुसेन म्हणजे त्यांचा जावई. हळूहळू सगळं कळलं. एस.टी. वाटेत बंद पडली, पुडकं पोचलं एकला. नमाज झाल्यावर उस्तादांनी पाला सोडला आणि पकड बघायच्या आधी पहिल्यांदा काय केलं असेल, तर लाव्याच्या गळ्याखालची दाण्यांची पिशवी बोटांनी चाचपली. ते नेहमी तसंच करायचे. पाखरू कुठं चरत होतं ते त्या पिशवीवरून कळतं, म्हणजे उद्या कुठं जायचं ते कळतं. पिशवी फोडली तर आत ज्वारीचे दाणे, काळपट, आणि लसणाचा वास. हरभऱ्याच्या शेतात ज्वारी कुठून आली? कुणीतरी उंदरांसाठी औषधात भिजवून टाकलेली. सातही पाखरांत तेच. त्यांनी ती परसात खड्डा करून पुरली, वर दगड ठेवला, आणि हुसेनला सायकल देऊन सडकेनं सिद्धवाडीला पिटाळलं. त्यांना वाटलं, इकडं सात पाठवलेत म्हणजे तिकडं घरी पण रांधले असतील. मी माळावरून आलो, तो सडकेनं गेला. आमची चुकामूक झाली.

ज्या साडेतीन तासांत मी त्यांच्यासाठी भीत होतो, त्याच साडेतीन तासांत ते माझ्या बायकोसाठी भीत बसले होते.

“मला वाटलं, पोर पोटात आहे तिच्या,” ते म्हणाले. “म्हटलं, आधी तिलाच दिलं असशील.”

“दिलं नाही ना पण!” चाची डोळे पुसत म्हणाली. आता तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडला की ती मला रागवायचीच. “काय माणूस आहेस रे तू? पोटुशी बायको घरात, आणि सातच्या सात इकडं पाठवलेस? एक नाही ठेवावं वाटलं तिला? उस्तादाचा वाटा असतो, खरं आहे. पण पोटुशीच्या आधी कुठला आलाय उस्ताद? हे काय शिकवायला लागतं?”

“रीत म्हणून...” मी म्हणालो.

“जळो ती रीत! माझ्या लेकीच्या, सलमाच्या वेळी यांनी...”

“खैरून,” उस्ताद म्हणाले. “राहू दे.”

चाची चुलीकडं वळली. तिला काही समजलं नव्हतं, ती मायेनंच बोलत होती. उस्तादांना समजलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. राग असता तर मी पाय धरले असते.

आता सांगतो. त्या पट्टीच्या बांधावर सकाळी मला दोन होले मरून पडलेले दिसले होते. एकाच्या चोचीत ज्वारीचा दाणा होता. मी पायानं ते दोन्ही घाणेरीच्या झुडपात सारले. म्हटलं, थंडीनं मेले असतील. माझ्या हातालाही तो वास येत होता, मी दोनदा मातीनं हात घासले. मुलाणी म्हणाला पाखरं पेंगाळलीत, तेव्हा मी चटकन थंडीवर ढकललं होतं. मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. माहीत असतं तर शिकरीला चारला असता का? पण शंका होती. आणि ईदच्या आत शिकार झाली पाहिजे होती. शेवंतानं एक मागितला तेव्हा माझं तोंड माझ्या आधीच नाही म्हणालं. त्या नाहीला मी रीत म्हटलं. जे माझ्या बायकोच्या ताटात वाढायला माझा हात धजला नाही, ते मी पाल्यात गुंडाळून, वर आशीर्वादाची चिठ्ठी खोचून, या दोन माणसांना पाठवलं होतं.

“शिकरी?” उस्तादांनी विचारलं.

“नसेल आता.”

“इंजेक्शन नाही दिलंस?”

मी खिशातून रुमाल काढून सोडला. दोन्ही नळ्या शाबूत होत्या. “दोनच होत्या. तुमच्या दोघांसाठी आणल्या.”

त्यांनी एक नळी उचलून दिव्याच्या उजेडात धरली, परत रुमालात ठेवली, आणि रुमालाची गाठ स्वतः मारून माझ्या हातात दिली. “आलास ते बरं केलंस,” म्हणाले. मग चाचीला म्हणाले, “याच्या हाताला तेल लाव. आणि काहीतरी शिजव, उपाशी आहे तो.”

त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या वेळी वाटलं. पण त्यांनी हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते त्या पट्टीवर आले, शेतकऱ्याला शोधून काढला, त्याला दाणे गोळा करायला लावले. पुढच्या हंगामात नवी शिकरी धरून दिली. जागा कशा शोधायच्या ते स्वतः हिंडून दाखवलं. पाखरांचे आवाज, विष्ठा, माती, आणि पहिल्यांदा बांधावर मेलेलं काही आहे का ते. हे सांगताना आवाजात टोमणा नव्हता. शेवंता तर जन्मभर सगळ्यांना सांगत राहिली की यांच्या उस्तादभक्तीनं मी आणि माझी पोर वाचलो. मी कधी तिला दुरुस्त केलं नाही.

पुढं कायदा आला, पाखरं बाळगणं बंद झालं, आम्ही शेवटची शिकरी त्याच माळावर सोडली. तोवर पाच हंगाम मी त्यांच्या हाताखाली काढले. चांगली शिकार करायला लागलो होतो. मुलीच्या बारशाला ते दोघं आले, आमच्या घरी जेवले, शेवंताच्या हातची भाकरी त्यांना फार आवडायची. दर हंगामाची पहिली शिकार मी रीतीप्रमाणं स्वतः घेऊन जायचो. ते ती हातात घ्यायचे, पकड बघायचे, “छान,” म्हणायचे, आणि तशीच्या तशी माझ्या पिशवीत परत ठेवायचे. “शेवंताला दे,” म्हणायचे. “आधी तिला.”

माझ्या हातची शिकार त्यांनी कधीच खाल्ली नाही, आणि मीही कधी आग्रह केला नाही.